खाकी पिशव्यांतला हुरडा

मी स्वतंत्रपणे विचार करू शकते, असं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. टाइप केलेलं, खाली सही, सहीखाली शिक्का. ते टाइप मीच केलं होतं, कारण ज्यांनी ते द्यायचं त्या माझ्या सरांना टाइपरायटर चालवता येत नव्हता. सर खोलीत येरझाऱ्या घालत मजकूर सांगत होते आणि मी बडवत होते, 'सदर उमेदवार माझ्या मार्गदर्शनाशिवाय संशोधन करण्यास समर्थ आहे.' मध्येच थांबून ते म्हणाले, "समर्थच्या आधी 'बऱ्यापैकी' घाल." मी घातलं.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. त्या 'बऱ्यापैकी'चा राग मला अजून येतो.

गोष्ट सत्तर सालानंतरची, मोठा दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हाची. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळून मला चार वर्षं झाली होती आणि ती चारही वर्षं मी पुण्यात सरांच्याच प्रयोगशाळेत, त्यांच्याच टेबलाच्या डाव्या हाताला बसत होते. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांच्या घरून पंधरा दिवस पेज येत होती. पण शोधनिबंध छापून आला की पहिलं नाव सरांचं. एकदा तर माझं नाव तिसरं आलं. दुसरं होतं ते ज्यांचा तराजू आम्ही आठवडाभर वापरला त्या गृहस्थांचं. शेतात उन्हातान्हात उभी राहून रोपं निवडायची मी आणि समारंभात सर सांगायचे, "हे वाण मी निवडलं." मी डावीकडे बसून दातओठ खायची आणि टाळ्या वाजवायची.

अशात दिल्लीहून एका योजनेचं पत्रक आलं. डॉक्टरेटनंतर वर्षानुवर्षं कुणाच्या तरी हाताखाली राबणाऱ्या तरुण मंडळींनी आता एखाद्या कॉलेजात स्वतःच्या पायावर उभं राहावं, त्यासाठी तीन वर्षांचं अनुदान. अट एकच होती, पण ती दर पानावर होती: काम उमेदवाराचं स्वतःचं हवं, गुरूचं नको, आणि तसं प्रमाणपत्र गुरूनंच द्यायचं. पहिलं वर्ष संपलं की समिती येऊन बघणार. समितीला पटलं तर पुढची दोन वर्षं अनुदान आणि कॉलेजात कायमची नोकरी. नाही पटलं तर गाशा गुंडाळायचा. म्हणजे परत पुणे, परत सर, परत डावा हात.

मला काय हवं होतं ते स्पष्टच सांगते. मला एक निबंध हवा होता, ज्यावर एकच नाव असेल आणि ते माझं असेल. त्यापुढे मला लग्न, बढती, परदेश, काही काही नको होतं.

सोलापूर माझं गाव. तिथल्या एका कॉलेजानं मला घेतलं. प्राचार्यांना विज्ञानाचा अभिमान होता, फक्त विज्ञानासाठी जागा नव्हती. स्नेहसंमेलनाचे पडदे ठेवायची खोली होती, तिचा अर्धा भाग मला मिळाला. उरलेल्या अर्ध्यात एक राजदरबार, एक जंगल आणि एक झोपडी असे तीन रंगवलेले पडदे टांगलेले असत. पैकी राजदरबार काही केल्या गुंडाळता येईना. त्यामुळे माझा सूक्ष्मदर्शक वर्षभर सिंहासनाच्या बरोबर समोर होता. दाराशी पाटी लावायची तर प्राचार्य म्हणाले, "बाई, एवढ्यात नको. समितीचं होऊ द्या."

माझं काम ज्वारीवर होतं. खोडमाशी नावाची एक चिमुरडी माशी ज्वारीच्या कोवळ्या रोपावर अंडं घालते, अळी आत शिरते आणि मधला पोंगा, म्हणजे कोवळा शेंडा, वाळून जातो. पेरणी वेळेवर झाली तर माशी फारसा त्रास देत नाही. पेरणीला उशीर झाला की सुट्टी देत नाही. मी एक संकर केला होता. आई आमच्या भागातली चवीची ज्वारी आणि बाप कुठल्या तरी दूरच्या मुलखातला, माशीला न जुमानणारा पण खायला लाकडाच्या भुश्यासारखा. त्यांच्या पोराबाळांतली जी झाडं माशीला पुरून उरतील त्यांचं बी धरायचं आणि पुढं वाढवायचं, एवढाच प्रयोग.

कॉलेजला शेत नव्हतं. शेत होतं माझ्या मामांचं, अक्कलकोटच्या रस्त्यावर, एस.टी.नं तासाभरावर. मामा घरात कानडी बोलत, बाजारात मराठी आणि बैलांशी दोन्ही. मला ते 'यव्वा' म्हणत. तिकडं लाडक्या लेकीबाळींना तसंच म्हणतात. त्यांनी एक तुकडा मला दिला, पण मी तिथं मुद्दाम महिनाभर उशिरा पेरणार म्हटल्यावर ते हादरले.

"शानी हायस का तू? समदं गाव पेरून मोकळं झालं."

"माशी यायला पाहिजे, मामा. म्हणून उशीर."

"माशीला आवतान देतीस व्हय!" मामा म्हणाले, आणि पारावर जाऊन सांगून आले की भाचीनं ज्वारी उशिरा पेरायला थेट दिल्लीची परवानगी आणली आहे. आठवडाभर गाव बांधावर येऊन बघून जात होतं.

चाळीस ओळी पेरल्या. माशी आली, अगदी आवतान दिल्यासारखी आली. ज्या ओळी तगल्या त्यांतली चांगली झाडं मी निवडली आणि कणसं बाहेर पडताच त्यांवर एकेक खाकी कागदी पिशवी चढवली. दुसऱ्या झाडाचा पराग यायला नको आणि पाखरंही नकोत म्हणून. प्रत्येक पिशवीवर पेन्सिलनं लिहिलं: ओळ अमुक, झाड तमुक, माशी नाही. त्या पिशव्यांत माझं सगळं वर्ष होतं. त्यातलं एकेक झाड एकुलतं एक; कणीस गेलं तर तसं दुसरं मिळायचं नाही.

जानेवारीत समितीचं पत्र आलं. दोघे येणार होते. एक दिल्लीचे वयस्क साहेब. आणि दुसरे, ज्वारी कळणारं माणूस देशात फारसं नसल्यामुळे, आमचे सर. मी गुरूपासून स्वतंत्र झाले की नाही, हे गुरू येऊन तपासणार होते. मी ते पत्र राजदरबारासमोर बसून तीनदा वाचलं.

आदल्या दिवशी मी मामांकडे जाऊन आले. म्हटलं, "मामा, उद्या मोठी माणसं येणार. माझी नोकरी त्यांच्या हातात आहे. सगळं नीट होऊ दे."

मामा म्हणाले, "तू घोर करू नगंस, यव्वा. तुझ्या मामाच्या रानातनं आजवर कोन उपाशी गेलंय व्हय?"

मला तिथंच कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तक्ते होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी कॉलेजातली माझी अर्धी खोली बघितली, सिंहासनाकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि शेतावर निघायची वेळ झाली. जीप एक. तीत पुढं साहेब आणि सर, मागं प्राचार्य आणि संस्थेचे तीन पदाधिकारी, त्यातल्या एकाची तब्येत दोघांची. प्राचार्य माझ्याकडं बघून गोड हसले. "बाई, तुम्ही काय घरच्याच. तुम्ही एस.टी.नं या."

प्रयोग माझा, मामा माझे आणि जागा मात्र नाही. स्टँडपर्यंत मी काय काय बोलत गेले ते लिहिण्यासारखं नाही. त्यात एस.टी. वळसंगला अर्धा तास थांबली, कारण कंडक्टरचा चहा व्हायचा होता.

बांधावर पोचले तेव्हा आधी वास आला. भाजल्या कणसांचा, कोवळ्या दाण्यांचा, शेणीच्या धुराचा. थंडीच्या दिवसांत सोलापुरात कुणालाही त्या वासानं बरं वाटतं. मलाही दोन पावलं बरं वाटलं. मग मनात आलं, आता या दिवसांत हुरडा कुठला? सगळ्यांच्या ज्वारीचे दाणे तर टणक झालेत.

लिंबाखाली घोंगडी अंथरली होती. मामा आगटीजवळ बसून निखाऱ्यातून कणसं काढत होते, तळहातावर चोळत होते आणि हिरवे वाफाळते दाणे पुढं सरकवत होते. शेंगाची चटणी होती, दही होतं, गुळाचा खडा होता. दिल्लीचे साहेब बूट काढून, मांडी घालून, मिशीला राख लावून खात होते. सरांच्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या. प्राचार्य तर बोलायच्या पलीकडे गेले होते.

मी माझ्या तुकड्याकडं बघितलं. खाकी असं काही दिसेना. ज्वारीची ताटं उभी होती, कणसं नव्हती. मधून मधून पाखरं हाकायला बांधतात तशा जुन्या लुगड्याच्या चिंध्या लटकत होत्या.

"मामा," मी म्हटलं, "हे कुठलं?"

"तुझंच की! आमच्या दान्यानं पावन्यांचं दात पडतील. तुझं तेवढं कवळं हाय. उशिरा पेरलंस ते लई बरं केलंस बग. तवा मला कळालं न्हाय."

"अहो पण पिशव्यांतली कणसं का तोडलीत? कडेला बिनपिशवीची पडली होती ना इतकी!"

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी त्यांची भाची आहे याचंच त्यांना नवल वाटावं. "ती पाखरांनी टोचल्याती. पावन्याला पाखराचं उष्टं घालू व्हय मी? दिल्लीच्या सायबाला?"

पाहुण्याला उष्टं द्यायचं नाही, हे मीही त्याच घरात शिकले होते. मी खाली बसले आणि बसल्यावर पुढचं दिसलं. प्रत्येकापुढं हुरडा वाढला होता तो कागदावर. खाकी कागदावर. माझ्या पिशव्या उकलून, झटकून, पत्रावळीसारख्या मांडल्या होत्या. प्राचार्यांच्या चटणीखालून 'माशी नाही' एवढंच वाचता येत होतं.

प्राचार्य माझ्या कानाशी वाकले. "बाई, काही बोलू नका. साहेब अगदी खूश आहेत."

सरांच्या मात्र सगळं लक्षात आलं. ते उठून मला बाजूला घेऊन गेले. हळू आवाजात, खरोखर मायेनं म्हणाले, "झालं ते झालं. हा संकर तू माझ्याकडं असताना केलेला आहे, त्याचं मूळ बी माझ्या कपाटात आहे. अहवालात मी सांभाळून घेतो. तू पुण्याला ये. आपण दोघं पुन्हा पेरू."

सर चांगल्या मनानं बोलत होते, हेच सगळ्यात वाईट होतं. हो म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. नोकरीचंही काहीतरी जमलं असतं. आणि निबंधावर पुन्हा दोन नावं, पहिलं कुणाचं ते सांगायला नको. माझ्या डोळ्यांपुढं तो टेबलाचा डावा कोपरा आला. शाईच्या डागासकट.

मग राग आला. तो मला एरवी नडतो, त्या दिवशी उपयोगी पडला. मी तडक साहेबांपुढं जाऊन उभी राहिले आणि इंग्रजीत सांगितलं, "साहेब, आपण आत्ता जे खाताय तो माझा प्रयोग आहे."

साहेबांचा हात तोंडाशी थांबला. त्यांनी मूठ परत खाली नेली, दाणे बाजूला सारले आणि कागद वाचला. "ओळ अकरा, झाड तीन," ते म्हणाले. त्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी आगटीकडं बघितलं. एक पदाधिकारी मात्र काही न कळल्यामुळे खातच राहिले.

"चव उत्तम आहे," साहेब शेवटी म्हणाले, "पण ते वेगळं. बी राहिलं नसेल तर पुढची दोन वर्षं कशाच्या जोरावर मागणार तुम्ही? मी काय लिहू?"

मामा आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होते. "काय म्हनत्यात सायब?"

"बी संपलं म्हणतात!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मामांवर ओरडले. "सगळं गेलं माझं. तुम्ही खाऊ घातलंत!"

मामा उभे राहिले. त्यांना राग आला होता, आणि आमच्या घरातला राग मी कुठून घेतला ते तेव्हा दिसलं. "बी? आगं, बी कोन खातं? मला काय शेरातला समजलीस व्हय?"

ते तरातरा तुकड्यात शिरले. आम्ही सगळे त्यांच्या मागं, साहेब अनवाणीच. मामांनी पहिल्या ओळीतली लुगड्याची चिंधी सोडली. चिंधीखाली खाकी पिशवी होती आणि पिशवीत कणीस होतं. दुसऱ्या ओळीत तसंच. तिसऱ्या ओळीत तसंच. तगलेल्या प्रत्येक ओळीत त्यांनी एकेक झाड राखलं होतं आणि वरून चिंधी बांधली होती, चोच कागद फाडते म्हणून.

"समद्यात ब्येस ती ठेवल्याती," मामा म्हणाले. "उरली ती पावन्याला."

"बेस हे कशावरून ठरवलंत?" सरांनी विचारलं.

"खाऊन की. चार दिस झालं, हरेक कनसाचं चार-चार दानं चाकतोय. पिशवी काडायची, चाकायचं, पुन्ना बांदायची. जीभ सोलून निगाली."

सरांनी हे साहेबांना इंग्रजीत सांगितलं. जीभ सोलून निघाल्याचंसुद्धा. साहेब माझ्याकडं वळले. "तुमच्या अर्जात माशीचा रकाना आहे, उंचीचा आहे, कणसाच्या वजनाचा आहे. चवीचा का नाही? लोक ही ज्वारी खाणार आहेत ना?"

मी हातातली चिंधी पुन्हा बांधायला घेतली. मग साहेबांनी तोच प्रश्न सरांना विचारला, कारण तो अर्ज सरांनीही तपासला होता. सर कोटाच्या बाह्या खाली करू लागले. तेवढ्यातही मला बरं वाटलं, हे कबूल करते.

पण मी हार मानणाऱ्यांतली नाही. अकराव्या ओळीत मी उभी राहिले आणि मामांना म्हटलं, "इथं तीन नंबरचं झाड केवढं भरदार होतं! ते पाहुण्यांना घातलंत आणि हे मरतुकडं सातवं ठेवलंत?"

"खाऊन बग," मामा म्हणाले.

मी चार दाणे काढून तोंडात टाकले. साहेबांनी दोन घेतले. त्यांनी डोळे मिटले. मी आणखी दोन दाणे तोंडात टाकले. मी असते तर ते झाड कापून बैलाला घातलं असतं.

साहेबांनी अहवाल अनुकूल लिहिला. बी सुरक्षित असून सामग्रीची निवड उमेदवारानं स्वतः, कुणाच्याही मार्गदर्शनाशिवाय केली आहे, असं त्यात होतं. मी ते वाचलं आणि दुरुस्त केलं नाही. जीपमध्ये बसताना सर म्हणाले, "ते प्रमाणपत्र परत दे. 'बऱ्यापैकी' काढून देतो." मी दिलं नाही. माझ्या अर्ध्या खोलीला पाटी लागली. प्राचार्य पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगत, की हुरड्याची कल्पना मूळ त्यांची.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी निबंध छापून आला. अकराव्या ओळीतल्या सातव्या झाडाची संतती माशीपुढं टिकली होती, आणि तिची भाकरी खाऊन आमच्या अख्ख्या स्टाफरूमनं बोटं चाटली होती. निबंधावर एकच नाव होतं. मी तो अंक पिशवीत घालून, खिडकीची जागा धरून, एस.टी.नं मामांकडं गेले.

मामांनी हात धोतराला पुसून अंक घेतला. त्यांना आकडे वाचता येत, अक्षरं नाही. "ह्यात तुझं नाव कुटं हाय?"

मी दाखवलं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "आनि दुसरं?"

"दुसरं नाही. एवढंच."

"म्हंजी येकटीचं?"

"हो."

"आगं, ऐकलंस का," त्यांनी मामींना हाक मारली, "येकटीचंच नाव हाय बग तिचं!" मग त्यांनी पानावरचा अकराचा आकडा ओळखला आणि तिथं बोट ठेवलं. "हितं काय लिवलंयस?"

मी वाचलं आणि वाचता वाचताच मराठी केलं. "अकराव्या ओळीतलं सातवं झाड लेखिकेनं निवडलं."

"लेखिका म्हंजी?"

"मी."

मला वाटलं, आता तरी ते काहीतरी म्हणतील. नुसतं बघतील तरी. मामांनी मान हलवली. "बरं केलंस. उगा चार नावं घातली की भांडनं व्हत्यात." आणि माझ्यासाठी शेंगा काढायला ते उठले. मग अर्ध्या गल्लीला हाका मारून अंक दाखवून आले.

माझे कान तापले होते. परतताना एस.टी.त शेंगांचं गाठोडं मांडीवर होतं आणि अंक गाठोड्याखाली. 'हे वाण मी निवडलं,' असं सर म्हणायचे तेव्हा टाळ्या वाजवता वाजवता मी निदान दातओठ तरी खायची. मामांनी तेवढंही केलं नाही.